सावडीची भिंत

बीपीएल हा शब्द इंग्रजी आहे, असं हरणवाडीत सांगितलं तर कुणाला पटत नाही. तो त्यांना सातबारा, फेरफार, इनाम यांच्याच खानदानातला वाटतो. त्याचा मराठी अर्थ 'दारिद्र्यरेषेखालील' असा आहे आणि तो एकदा शाळेच्या भिंतीवर लिहूनही झाला होता. पण दारिद्र्य हा शब्द वाईट, तो गावात कुणाला लागू होत नाही. बीपीएलचं तसं नाही. विहीर असते, डाळिंबाची बाग असते, वर कुणाशी ओळख असते, तशी बीपीएल असते. "त्यांना बीपीएल हाय," असं म्हणताना बोलणाऱ्याच्या आवाजात थोडा आदर असतो आणि थोडा हेवा. ज्याला नाही त्याच्याविषयी म्हणतात, "त्याला कुठली बीपीएल? गरीब हाय बिचारा."

मध्यंतरी गावात दोन भावांच्या वाटण्या झाल्या. जमिनीत खुंट घातले गेले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या आणि सगळं बीपीएलवर येऊन अडलं. शेवटी पंचांनी बीपीएल थोरल्याला दिली आणि तिच्या बदल्यात धाकट्याला गाभण म्हैस. आपल्याला फसवलं, असं धाकटा अजून सांगत फिरतो.

गावातली सगळ्यात जुनी बीपीएल आप्पासाहेब साबळ्यांची. त्यांचं घर दुमजली, ओटा संगमरवरी, मागे शेततळं, पुढे चारचाकी. बायको द्वारकाबाई सरपंच आहेत. जागा महिलांसाठी राखीव निघाली तेव्हा पद त्यांना मिळालं आणि शिक्का आप्पांच्या खिशात गेला. जिल्ह्याचं नाव बदललं, वेशीवरची कमान बदलली, यादीच्या डोक्यावर आप्पासाहेब तसेच राहिले. कुणी बाहेरच्याने भुवया उंचावल्याच तर ते शांतपणे सांगत, "वडिलार्जित हाय."

लंकाबाईला बीपीएल नव्हती. तिला एक पत्र्याची खोली होती. तीन भिंती मातीच्या, पुढची एक सिमेंटची. एका हंगामात ऊसतोडीची आगाऊ उचल जरा बरी मिळाली म्हणून नवऱ्याने ती बांधून घेतली, तिला चुना दिला, बाकीच्या तीन पुढच्या वर्षी करू म्हणाला, आणि पुढच्या वर्षी कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली तिच्याखाली सापडून गेला.

तिला बीपीएल का नव्हती, याचं कारण साधं होतं. पाहणीवाले पौषात येतात. पौषात निम्मी हरणवाडी ऊसतोडीला गेलेली असते, नदीकाठच्या कारखान्यांच्या आवारात पाचटाच्या कोप्या घालून राहते. घराला कुलूप दिसलं की पाहणीवाला लिहितो, 'कुटुंब आढळले नाही'. सरकारच्या लेखी गरीब असायला माणूस आधी घरी असावा लागतो, तोही कामाच्या दिवशी, अकरा ते पाच. त्या वेळात हरणवाडीत घरी कोण असतं, हे वेगळं सांगायला नको. तीच माणसं यादीत आहेत.

लंकाबाईने याचं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. या वर्षी मात्र तिची रोहिणी बारावी झाली आणि नगरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली. राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट, फक्त बीपीएलचा दाखला घटस्थापनेच्या आत आणून द्यायचा. दुसऱ्या बाजूला अजिनाथ मुकादम बसला होता. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. नवरा गेल्यापासून लंकाबाई अर्धा कोयता होती आणि अर्ध्याला कुणी घेत नाही. अजिनाथने सांगून ठेवलं होतं, दसऱ्यानंतर ट्रक येईल, पोरगी आता तुझ्या खांद्याला लागली, तिला घे म्हणजे कोयता पुरा होईल. दाखला मिळाला तर रोहिणी नगरला, नाही मिळाला तर उसात. मधे तिसरं काही नव्हतं.

उन्हाळाभर लंकाबाई आप्पांच्या ओट्याच्या पायरीशी उभी राहून आली. आप्पा दर वेळी म्हणाले, बघू.

श्रावणात वरून हुकूम आला. प्रत्येक बीपीएल कुटुंबाच्या दर्शनी भिंतीवर पिवळी पाटी रंगवायची, तिच्यावर काळ्या अक्षरांत कुटुंबप्रमुखाचं नाव आणि खाली 'हे कुटुंब दारिद्र्यरेषेखालील आहे'. मग साहेब पाहणीला येतील, पाटी नसेल त्याचं नाव कटेल. खोट्या लोकांना लाज वाटावी आणि त्यांनी आपणहून नावं काढून घ्यावीत, असा यामागचा विचार होता म्हणतात. हुकूम काढणाऱ्याचा लाजेवर फारच विश्वास असावा.

हरणवाडीत एकानेही नाव काढलं नाही. उलट पाटीच्या आकारावरून कुरबुरी झाल्या. एकाने पिवळा रंग घराच्या गुलाबी रंगाला मारतो म्हणून बदामी मागितला. दुसऱ्याने नावाच्या आधी 'श्री' आणि नंतर 'पाटील' घालून घेतलं. तिसगावचा विल्सन पेंटर दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोंच्या पाठी रंगवतो, त्याला दोन आठवडे गाव सोडता आलं नाही.

अडचण एकट्या आप्पासाहेबांची झाली. थोरला मुलगा अमृत लग्नाचा होता आणि पारनेरच्या कानिफनाथ गुरुजींच्या मुलीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. गुरुजी घर बघायला येणार होते. संगमरवरी ओट्यावर पाहुणे बसवायचे आणि त्यांच्या डोक्यामागे दारिद्र्यरेषा, हे बरं दिसलं नसतं. पाटी नाही लावली तर बीपीएल जाते. आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. बीपीएल सोडून द्यावी, हे मात्र त्यांना सुचलं नाही. माणूस वडिलांची आठवण अशी टाकत नसतो.

तिसऱ्या दिवशी ते लंकाबाईच्या दारात आले. ते त्या आळीला कधी येत नसत, म्हणून कुत्रीही भुंकली.

"लंकाबाई, तुझी पुढची भिंत मोकळीच हाय की."

"भिंत मोकळीच असती, आप्पा."

आप्पांनी खाली बसून समजावून सांगितलं. पाटी त्यांच्या नावाची, भिंत हिची. साहेब आले की हे आप्पासाहेबांचं घर आणि ती त्यांची भावजय, एवढंच सांगायचं. बाकी साहेबांना दिसेलच. पाहणी पार पडली की ते रोहिणीला दाखला देणार. यात कुणाचं काही जात नाही.

"म्हंजे गरिबी माझी आन् नाव तुमचं," लंकाबाई म्हणाली.

"नाव माझं हाय म्हनून तर साहेब येनार. तुझ्या नावाला कोन येतं?"

हे खरं होतं.

"आपली सावडच म्हन ना," आप्पा म्हणाले.

सावड म्हटल्यावर मात्र तिने होकाराची मान हलवली. या भागात ती जुनी रीत आहे. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक, दोघं मिळून औत जुंपतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मधे पैसा येत नाही, शब्द येतो. हुशार माणसाला नेमके असे जुने शब्द वेळेला आठवतात.

विल्सन पेंटर डबे घेऊन आला आणि लंकाबाईच्या दारासमोर घोटाळला. घर चुकलं का, असं त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर मुकाट्याने पाटी रंगवली. खाली उतरून ब्रश पुसताना एवढंच म्हणाला, "कबरीवर नाव लिहितो तवा निदान खाली त्योच मानूस असतो."

साहेब भाद्रपदात आले. आप्पांना फाटका सदरा हवा होता, तो घरात निघेना, म्हणून गड्याचा घातला. मनगटावरचं घड्याळ काढायचं राहिलं. साहेबांनी ते पाहिलं, कुठून घेतलं ते विचारलं, आणि मग तीन मातीच्या भिंतींकडे वळले. पत्र्यावर दगड ठेवलेले, कोपऱ्यात चूल, दोरीवर दोन लुगडी. साहेब खरोखर हलले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी अस्सल बीपीएल पाहिली नव्हती, असं ते म्हणाले. रोहिणीने कोरा चहा दिला. लंकाबाईने डोक्यावरून पदर घेऊन भावजय निभावली. दोन वेळचं मिळतं का, या प्रश्नाला तिने "आप्पांच्या किरपेनं" असं उत्तर दिलं, आणि आप्पांनी नम्रपणे खाली पाहिलं.

मग साहेब जेवायला आप्पांच्या घरी गेले. म्हणजे दुसऱ्या. कोंबड्याचा रस्सा ओरपून संगमरवरावर हात धुताना त्यांनी काही विचारलं नाही, आणि आप्पांनी काही सांगितलं नाही. सरकार आणि जनता यांच्यात असा विश्वास असावा लागतो.

आठवडा गेल्यावर लंकाबाई दाखल्याला गेली. आप्पांच्या शेजारी ग्रामसेवक बसले होते, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणतं. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून सांगितलं की अडचण आहे. त्या घरात एक बीपीएल कुटुंब राहतं अशी नुकतीच पाहणी झालेली आहे. एका घरात एकच बीपीएल. दुसरी द्यायची सोय नाही.

"त्ये कुटुंब कोनचं?" तिने विचारलं.

"आप्पासाहेबांचं."

"आन् मी कुठं ऱ्हाते?"

याची नोंद नव्हती.

आप्पांनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं. "नेमच हाय गं तसा. तुला घरातनं काढतंय का कोनी? ऱ्हा की बिनघोर."

"सावड मोडली म्हना की आप्पा."

"सावड बैलांची असती येडे," आप्पा म्हणाले, आणि भाऊसाहेब हसले. त्यांना हसावंच लागतं, गावात राहायचं असतं.

गुरुजींचं येणं नेमकं घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ठरलं होतं. ओटा पुसून झाला होता, बैठकीत उसना सोफा आला होता, अमृत नवा शर्ट घालून आरशासमोर होता. तेवढ्यात लंकाबाई आणि रोहिणी आल्या. लंकाबाईच्या डोक्यावर वाकळांचं गाठोडं, रोहिणीच्या हातात पत्र्याची पेटी आणि काखेत टोपलीत झाकलेल्या कोंबड्या. दोघी ओट्यावर चढल्या. लंकाबाईने गाठोडं उतरवलं आणि सावली बघून जागा धरली.

द्वारकाबाई बाहेर आल्या आणि काय हे म्हणाल्या.

"आक्का, तुमचं बिऱ्हाड तिकडं हाय म्हनं. भाऊसायबांनी सांगितलं. एका घरात दोन कुटुंबं चालत न्हाईत, मग आमी जायाचं कुठं? ह्ये रिकामं हुतं, आलो."

एवढं बोलून तिने अंगणातून तीन दगड आणले आणि संगमरवरावर चूल मांडून पेटवली. कोंबड्या सोडल्या. त्यांना संगमरवराचं काही वाटलं नाही, त्यांनी त्यावर जे करायचं ते केलं.

आप्पा धावत आले. आधी दटावलं. मग हात जोडले. मग पोलीस बोलावतो म्हणाले.

"बोलवा की. त्यास्नी आधी पाटी वाचाया नेऊ."

पाटीवर त्यांचंच नाव होतं, ठळक, विल्सनने जीव लावून काढलेलं. गावातली चार-दोन माणसं कुंपणाला रेलून उभी होती. कुणी मधे पडत नव्हतं. त्यांतल्या बहुतेकांना बीपीएल होती आणि पाट्यांचा विषय जितका कमी निघेल तितका बरा, असं त्यांचं मत होतं.

मळ्याच्या वळणावर पांढरी गाडी दिसली.

"काय पायजे तुला?" आप्पांनी विचारलं.

"ठरलं ते."

भाऊसाहेब जेवणाच्या आशेने आधीच येऊन बसले होते. ज्या नेमामुळे आठवडाभर काही होत नव्हतं तो ओट्याच्या कठड्यावर कागद ठेवताक्षणी सुटला. त्यांनी लिहिलं की रोहिणी ही हरणवाडीतील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील मुलगी आहे. कोणत्या, ते लिहिलं नाही. आप्पांनी खिशातून शिक्का काढला. द्वारकाबाईंनी सहीला कागद घेतला आणि सही करायच्या आधी तो वाचला. आप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू म्हशीने पेपर उघडला. त्यांनी पुरता वाचून सही केली आणि कागद आप्पांकडे न देता रोहिणीच्या हातात दिला.

रोहिणीने ओली शाई फुंकली, पेटी उचलली, आणि मागच्या बोळाने तिसगावच्या रस्त्याला लागली. तिथून नगरला गाड्या असतात.

लंकाबाई दगड उचलत होती तेवढ्यात पाहुणे पायरीपाशी पोचले. कोंबड्या आवरायच्या राहिल्याच. गुरुजींनी ओट्यावरची राख पाहिली, दगड पाहिले, लंकाबाईला नमस्कार केला आणि या कोण, असं विचारलं.

"आमी आप्पांच्या सावडीतले," ती म्हणाली आणि गाठोडं घेऊन निघून गेली.

चहा झाला, चिवडा झाला. मुलीच्या मामांनी शेततळं पाहिलं. गुरुजींची नजर मात्र सारखी ओट्यावरच्या राखेकडे जात होती, आणि ती आप्पांना चुकवता येईना. शेवटी गुरुजींनीच विषय काढला. येताना त्यांनी एकाला साबळ्यांचं घर विचारलं होतं, त्याने आप्पांच्या नावाच्या पिवळ्या पाटीकडे बोट दाखवलं. तेव्हा ते तिथं उतरून, घर आतबाहेर पाहून आले होते.

अमृतने शर्टाचं वरचं बटण उगीचच काढून पुन्हा लावलं.

"जागा छान निवडलीत," गुरुजी म्हणाले. "तीन भिंती मातीच्या, एकच पक्की, तीही पाटीपुरती. फार विचार केलेला दिसतो. आमची पाटी चुलत भावाच्या गोठ्यावर आहे. गोठा म्हटला की साहेबांच्या मनात शंका येते. मी भावाला म्हणालोसुद्धा, माणसं राहतात असं काहीतरी बघायला हवं होतं."

"म्हंजे तुमालाबी..."

"वडिलार्जित."

मग काही बघायचं राहिलं नाही. लग्न तिथल्या तिथे ठरलं. दोन्ही घरं तोलामोलाची होती. गुरुजींनी मुलीला सांगितलं असेल की सासर खाऊनपिऊन सुखी आहे, बीपीएल आहे. पेढे वाटले गेले तेव्हा आप्पा हसत होते, पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लाजायचं काही कारणच नव्हतं आणि भीतीपायी आपण दाखला देऊन बसलो. त्यांनी गड्याला मोटारसायकलवर तिसगावला पिटाळलं. गडी परत येऊन म्हणाला, गाडी कवाच गेली. त्याने ती गाठायची फार खटपट केली होती, असं त्याच्याकडे बघून वाटलं नाही. सदरा त्याला अजून परत मिळाला नव्हता.

दसऱ्यानंतर अजिनाथ मुकादमाचा ट्रक आला. खालच्या आळीच्या भागूबाईचाही नवरा गेलेला होता. दोन अर्धे कोयते मिळून एक होतो, हे अजिनाथला पटवायला लंकाबाईला दोन दिवस लागले. त्या दोघी ट्रकच्या फाळक्यावर गाठोडी चढवत होत्या, तेव्हा आप्पा घाईने आले. भाऊसाहेबांनी त्यांना नुकतंच सांगितलं होतं की पौषात फेरपाहणी आहे, न कळवता. पाटी असलेल्या घराला कुलूप दिसलं तर 'कुटुंब आढळले नाही'.

"किल्ली दिऊन जा," आप्पा म्हणाले.

लंकाबाईने कनवटीची किल्ली काढली, पण लगेच दिली नाही.

"पंधरवड्याला सारवत जा. पत्र्यावरला दगूड वाऱ्यानं सरकतो, त्यो बघा. आन् चुलीवर कायतरी शिजवीत जा, थंड चूल साहेबाच्या नजरंत येती."

"मी सारवू व्हय?"

"तुमचंच घर हाय, आप्पा."

ट्रक गेला.

सध्या पौष चालू आहे. रोहिणी नगरला सुई टोचायला शिकते आहे, लंकाबाई उसात आहे. हरणवाडीत खालच्या आळीने गेलं तर अकरा ते पाच या वेळात आप्पासाहेब साबळे पिवळ्या पाटीखाली गड्याच्या सदऱ्यात बसलेले दिसतात. पत्रा सकाळी गार पडतो आणि दुपारी तापतो, त्यामुळे ते उंबऱ्याच्या आत-बाहेर सरकत असतात. नखांत शेण आहे. सारवण द्वारकाबाई करत नाहीत, त्या सरपंच आहेत आणि हल्ली त्यांना कागद वाचायचे असतात. जाणारे-येणारे रामराम घालतात, आप्पा घर सोडून कुठं जात नाहीत याचं कौतुक करतात. उठून जावं असं त्यांना रोज वाटतं, पण नेमके त्याच वेळी साहेब आले तर काय, म्हणून ते बसतात.

साहेब अजून आलेले नाहीत.